बाटलीतली काळी

दोन लिटरची थंड्याची बाटली, बूड कापून उलटी टांगलेली.
तोंडाला ओढणीचा तुकडा, त्यावर बोटभर वाळू,
वाळूवर इंगोल्यांच्या वावरातली काळी,
ढेकळं फोडून, पऱ्हाटीची मुळं वेचून,
आदल्या दिवशीच ओली करून ठेवलेली.
सातवीचा वर्ग, बावीस पोरं, एक बाक मोडका.

जनावरांच्या दवाखान्यातून मी आणलं होतं
बैलाच्या सोललेल्या खांद्याला लावतात ते जांभळं औषध.
चार थेंबांत तांब्याभर पाणी वांग्यासारखं झालं.
ओतलं.
काहीच झालं नाही.
काळी घाई करत नाही, हे पुस्तकात नव्हतं.
मधली सुट्टी झाली, खिचडी झाली,
ताटं हापशीवर घासून झाली,
तेव्हा कुठं खालच्या ग्लासात
एक थेंब पडला. बऱ्याच वेळानं दुसरा.
पाण्याच्या रंगाचं पाणी.

टाळ्या वाजल्या. मी फळ्यावर लिहिलं:
माती पाणी गाळते.
मागच्या बाकावरून प्रणोती खंडारे उठली,
"मंग थे जांभयं कोठी गेलं, म्याडम?"

मातीनं धरलं, मी म्हटलं.
"कायले?"

खडू हातातच राहिला.
बारीक कणांवरचा ऋण प्रभार वगैरे मला येत होतं,
तिला ते नको होतं.
तिचा बाप रोजानं फवारणीला जातो.
तो पंप धुतो त्या धुऱ्यावर
दोन हात जागेत गवतही उगवत नाही.
तिनं हे बोलून दाखवलं नाही,
बाटलीतल्या वरच्या थराला फक्त बोट लावलं,
नखाला आलेलं जांभळं स्कर्टला पुसलं
आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी तिनंच दुसरी बाटली मांडली.
या खेपेला पाण्यात मूठभर मीठ.
काळीनं तितकाच वेळ घेतला,
थेंबही तितकाच नितळ.
मी अडवायच्या आत तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.
"खारंच हाये. आपल्या इहिरीवानी."

वर्ग हसला.
पूर्णेकाठच्या या गावात
विहिरीच्या पाण्यापासून म्हशीसुद्धा तोंड फिरवतात.
मला युरियाची पोती आठवली,
पिकानं उचललं ते उचललं, उरलेलं
असंच मातीच्या बोटांतून निसटून
रंग नाही, वास नाही, खाली खाली जात असणार,
आणि ग्लास दिसायला नितळ.
कालचं वाक्य फळ्यावर तसंच होतं.
मी त्यात एक "थोडंफार" घुसवलं.
अक्षर वाकडं आलं.

उन्हाळ्यात बाटल्या खिडकीतच राहिल्या.
शाळा उघडली तेव्हा पहिल्या बाटलीतली काळी
प्लास्टिकपासून सुटून आत आकसलेली,
मधोमध भेग, फूटपट्टी उभी जाईल एवढी.
प्रणोतीनं मला न विचारता तांब्या रंगवला
आणि ओतला.

खळ्ळकन खाली.
जसंच्या तसं वांगी रंगाचं,
ग्लास भरून फरशीवर, फरशीवरून दप्तरांकडे.
तीच माती. तेच वावर.
"नासली वाट्टे," कोणीतरी म्हणालं.

ती नळाचं साधं पाणी घेऊन आली
आणि ओंजळीतून शिंपडत राहिली, थोडं,
मग थांबून पुन्हा थोडं,
भाकरीच्या पिठात पाणी घालावं तसं.
भेगेच्या कडा काळ्या झाल्या, मऊ झाल्या.
घंटा झाली. पुढच्या तासाला गणित होतं,
मी बाटली उचलायला हात पुढे केला.

"थांबा न म्याडम," ती म्हणाली,
"तिले फुगू द्या आंधी."